टीव्हीचंच ऐकतात

पंजाबरावांच्या जुन्या रंगीत टीव्हीतलं चित्र सारखं वर पळायचं. मग ते काठी टेकत उठत, टीव्हीच्या डोक्यावर डाव्या हातानं थाप मारत, तेव्हा कुठे चित्र थांबे. शेवटी रिसोडहून मेकॅनिक आला. त्यानं मागचं झाकण उघडलं.

"तारेचा टाका सुटला, काकू. आत्ता लावून देतो."

भागिरथाबाईंनी खाटेवर घोरणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं. "राहू दे, बापू."

"काहून वो?"

"उजव्या अंगाले लकवा मारल्यापासून आमी समदे सांगून थकलो, उठा, चाला. आयकतात त या टीव्हीचंच."

संध्याकाळी चित्र पळालं. पंजाबराव शिव्या देत उठले, थाप मारली.

भागिरथाबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. आज थाप उजव्या हाताची होती.