रखमाजींचा नंबर

लोहगडाच्या पायथ्याशी ताक विकणाऱ्या कस्तुराबाई लोणावळ्याच्या दवाखान्यात आल्या. काउंटरवर चैताली पेशंटचे रिपोर्ट 'आभा' या सरकारी आरोग्य कार्डाला जोडत होती. कस्तुराबाईंचा ओटीपी त्यांच्या वाडीतल्या टपरीवाल्या रखमाजींच्या मोबाईलवर गेला. लोहगडवाडीत त्यांच्याच टपरीवर रेंज येते, म्हणून निम्म्या वाडीने त्यांचाच नंबर दिलेला. चैतालीने फोन करून आकडे घेतले. गेल्या वर्षीचा रिपोर्ट उघडला: हृदय कमजोर, चढण टाळावी. हे कस्तुराबाईंनी घरीही लपवलं होतं. पोराने धंदाच बंद केला असता. "मावशी," चैताली म्हणाली, "गेल्या वर्षी या रिपोर्टचा मेसेजही त्यांनाच गेलाय. दुखणं परक्याला कशाला कळायला हवं? नंबर बदलू?" कस्तुराबाईंना आठवलं. वर्षापूर्वीपर्यंत त्या गडाच्या पायऱ्यांवर ताक विकायच्या. त्याच सुमारास रखमाजींनीच अडवलं. "वर कशाला जाता, वैनी? माझ्या टपरीशेजारी बसा. गिऱ्हाईक हितंच थांबतं." ते स्वतःही ताकच विकतात. "ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "परका न्हाई त्यो."