हातांची बोली

"कळवलंस का त्यांना?" बाबांनी हातांनी विचारलं.

चिमणीने मान फिरवली. त्या घरात बोलणं तोडायची हीच रीत होती. समोरच्याच्या हातांकडे पाठ केली, की कितीही मोठं भांडण जागच्या जागी बंद.

बाबा शिलाई मशीनवरून उठले, वळसा घालून तिच्यापुढे येऊन उभे राहिले. "कळवलंस का?"

"नाही. आणि कळवेन तेव्हा नकारच कळवेन." चिमणीचे हात ताडताड चालले.

आई-बाबा दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बाबा शिंपी; काज-बटणं आणि हातशिलाई आईकडे. लेक तेवढी ऐकणारी. शेजारच्या मावशींकडे ती बोलायला शिकली आणि एकदा सुरू झाली ती थांबेचना, म्हणून मावशींनीच तिचं नाव चिमणी पाडलं. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं, की कॉलर कसली हवी, बाही किती ठेवायची, ते चिमणीने ऐकायचं आणि हातांनी बाबांना सांगायचं. बँकेत चिमणी, दवाखान्यात चिमणी, घरमालकाशी हुज्जत घालायलाही चिमणीच.

त्यांची ही हातांची बोली शाळांत शिकवतात ती नव्हती. त्या जुन्या वस्तीतल्या न ऐकणाऱ्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आपली आपण घडवली होती. ती बोली येणारी म्हातारी माणसं एकेक करून गेली. भाषाशास्त्र शिकताना चिमणीने उरलेल्यांचे हात कॅमेऱ्यात टिपले, त्यावर प्रबंध लिहिला, तो जोडून परदेशातल्या एका विद्यापीठाकडे अर्ज पाठवला आणि त्यांनी तिला पुढच्या शिक्षणासाठी बोलावलं. दोन वर्षं, सगळा खर्च त्यांचा.

"जिला इथे कुणी भाषा म्हणायला तयार नाही, तिच्यासाठी तिकडे पाट मांडून बसलेत, पोरी," तिला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या.

पण चिमणीच्या डोळ्यांपुढून गेल्या वर्षीचा तो दिवस हलत नव्हता. ती एका चर्चासत्राला परगावी गेली होती. इकडे आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. बाबांनी तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. दोघांनी हातांनी जीव तोडून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना त्यातलं 'पोट' तेवढं कळलं. पित्ताच्या गोळ्या घेऊन दोघं घरी आले. संध्याकाळी चिमणी परतली, म्हणून अपेंडिक्स फुटायच्या आत आई ऑपरेशनच्या टेबलावर पोचली.

"मी नसताना पुन्हा तसं झालं तर?" तिने विचारलं.

बाबा पुन्हा मशीनवर जाऊन बसले. आईचं तर वेगळंच. चिमणीने अर्ज केला तेव्हापासून परदेशाचा विषय निघाला, की ती खिडकीकडे तोंड करायची. लेकीला जा म्हणवत नाही आणि थांबही म्हणवत नाही. आई घाबरली आहे, हे चिमणीने केव्हाच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच नकार सांगून मोकळी झाली.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "संध्याकाळपर्यंत मुदत आहे. तोवर मी काही ऐकलेलं नाही."

चिमणी भर दुपारीच घरी परतली. एरवी ती दिवेलागणीशिवाय यायची नाही. घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात औषधवाले काका उभे होते, सदरा शिवायला टाकायला. बाबांच्या गळ्यात टेप. सवयीने चिमणीची पावलं झपझप पडू लागली. काकांचं म्हणणं बाबांना सांगायला हवं होतं.

पायरीवरच ती थबकली. काका हातांनी बोलत होते. बोटं गळ्याशी नेली, मग दोन्ही तळवे शिंगांसारखे कानांजवळून बाहेर काढले. बाबा पोट धरून हसायला लागले. कॉलर सैल हवी म्हणायच्या ऐवजी काकांनी कॉलर म्हैस हवी म्हटलं होतं. बाबांनी त्यांचे तळवे धरून नीट वळवले. काकांनी पुन्हा केलं. या वेळी बाबांनी मान डोलावली आणि टेप लावली.

"काका, हे कुठे शिकलात?"

"आत जाऊन बघ की. तुझी आई फार कडक आहे गं. चुकलं, की बोटांवर पट्टी!"

आतल्या खोलीत दाटीवाटीने माणसं बसली होती. बँकेतल्या कॅशियरबाई, शेजारच्या मावशी, घरमालकसुद्धा. सगळ्यांत पुढे डॉक्टरीणबाई. आई दुखण्याचे हात शिकवत होती. जळजळ वेगळी, मुरडा वेगळा, सुरी खुपसावी तशी कळ वेगळी. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून एकेक गिरवत होत्या.

"तू अर्ज पाठवलास ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ही दवाखान्यात आली," त्या चिमणीला म्हणाल्या. "मला हाताला धरून इथे आणलं. मग एकेकाला आणत गेली. काय सांगत होती ते तेव्हा कळलं नाही. महिन्याभराने कळलं. पोरीची निवड होणारच, म्हणत होती, पण ती आमच्यापायी अडून बसेल."

चिमणीने आईकडे पाहिलं. या वेळी आईने तोंड फिरवलं नाही.

"माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं," आईचे हात सावकाश हलले. "हे सगळे शिकेपर्यंत तुला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तुझ्याकडे बघत नव्हते."

एवढं बोलून ती वर्गाकडे वळली. घरमालकाचं काहीतरी चुकलं होतं.

चिमणी बाहेर आली. तिने फोन लावला. पलीकडून मॅडमचा आवाज आला.

"मॅडम, जाते मी. पण प्रबंधाचं शेवटचं पान बदलावं लागेल. ही बोली माझ्या आई-बाबांबरोबर संपणार, असं लिहून बसलेय मी."