फोनवरचे दोन शब्द

"‘थ्री लेफ्ट’ म्हणजे काय, एवढंच सांगा," खाणीचा मॅनेजर म्हणाला.

इंग्रजीच्या बाईंना वर्ग अर्ध्यावर टाकून शाळेतून आणलं होतं. सकाळी खाणीत छत कोसळलं. आत आठ माणसं. त्यांतल्या नव्या परदेशी इंजिनिअरने आतल्या फोनवर हे दोन शब्द उच्चारले आणि फोन मुका झाला.

त्या आठांत बाईंचा धाकटा दीर होता. जाऊ दाराशी उभी होती.

"तिघं उरलेत," बाई म्हणाल्या आणि थबकल्या. "किंवा तिघं निघालेत."

"अहो, उरणं आणि निघणं एकच कसं?"

एखादा शब्द हाती लागला की त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची, ही बाईंची जुनी खोड. आता जीव टांगणीला लागलेला, तरी डोकं तिकडेच धावलं.

"मूळ अर्थ मागे ठेवणं. आपण घर मागे ठेवतो, म्हणजे निघतो. आणि मागे ठेवलेलं, ते उरतं. जाणाराही लेफ्ट, राहणाराही लेफ्ट. गंमतच आहे."

"गंमत राहू द्या, बाई! निघाले असतील तर माणसं मागच्या तोंडाशी पाठवतो, उरले असतील तर मुख्य बोगदा खणतो. दोन्हीकडे पुरतील एवढी माणसं नाहीत माझ्याकडे."

बाईंनी डोळे मिटले. अडकलेला माणूस आधी काय सांगेल? किती जिवंत आहेत ते.

"उरलेत," त्या म्हणाल्या.

"कोण तिघं?" जावेने विचारलं.

मॅनेजर गड्यांना हाका मारत बाहेर पडला होता.

मुख्य बोगद्यात खणायला सुरुवात झाली. आवारात जमलेल्या बायका एकमेकींकडे बघेनात. त्या तिघांतला एक प्रत्येकीला आपला हवा होता. बाई जावेचा हात धरून बाकावर बसल्या. आपण अर्थ बरोबर लावला ना, हा किडा काही डोक्यातून जाईना. ते दोन शब्द त्या पुन्हा पुन्हा मनात उलटेपालटे करत राहिल्या.

दुपारी टेकूचे खांब घेऊन एक ट्रक फाटकाशी अडला. मागे उभा असलेला क्लीनर पत्र्यावर थापा मारत ओरडला, "येऊ दे, येऊ दे... लेफ्ट घे! अजून लेफ्ट!"

बाई ताडकन उठल्या. एक चप्पल बाकाखालीच राहिली. तशाच धावत त्यांनी मॅनेजरला गाठलं.

"साहेब, आत डाव्या हाताला बोगदे किती?"

"चार. गडी त्यांना नावांनी ओळखतात, पण तो इंजिनिअर तर नवा..." मॅनेजर वाक्य अर्ध्यावर टाकून खणणाऱ्यांकडे धावला.

दिवस कलता कलता डावीकडच्या तिसऱ्या बोगद्याचा ढिगारा फुटला आणि पलीकडून आठही जण एकदमच ओरडले.