दर शनिवारचा वाढदिवस

"आवाज नको," शूछिन म्हणाली. "नुसते ओठ आणि हात."

चारही मुलं उभी राहिली आणि कुजबुजत हातवारे करू लागली. पुट ऑन म्हणताना अंगात कोट चढला, टेक ऑफला उतरला. टर्न डाऊनला हवेतलं बटण फिरलं. पुट अवे म्हटल्याबरोबर सगळ्या वह्या सोफ्याखाली गेल्या. या शेवटच्याचा सराव सगळ्यात जास्त झाला होता.

इंग्रजी क्रियापदांच्या या शेपट्यांना चीनमधल्या थाइयुआन शहरातली ही मुलं बिचकत. 'पोस्टपोन' घडाघडा पाठ करतील, पण 'पुट ऑफ' म्हणायला धजणार नाहीत. म्हणून शूछिन ती अंगानं शिकवायची.

"बाई, तपासणीवाले आले तर गिव्ह अप की रन अवे?" दाखुननं विचारलं.

"सिट डाऊन," शूछिन म्हणाली. मुलं तोंड दाबून हसली. ती हसली नाही.

सरकारनं शाळकरी मुलांच्या खासगी शिकवणीवर बंदी घातल्यापासून ती घरातच चोरून शिकवत होती. गेल्याच आठवड्यात मागच्या इमारतीत शिकवणी घेणारी एक बाई पकडली गेली. कुणीतरी शेजाऱ्यानं कळवलं म्हणे. शूछिनचा नवरा सरकारी शाळेत मास्तर होता. बायकोच्या शिकवणीचा बोभाटा झाला असता तर त्याची नोकरी गेली असती.

म्हणून टेबलावर केक होता. थर्माकोलचा, बेकरीच्या काचेत ठेवतात तसला, वर पांढरंशुभ्र क्रीम रंगवलेलं. दारावर थाप पडली की वह्या सोफ्याखाली जायच्या, मेणबत्त्या पेटायच्या आणि सगळे वाढदिवसाचं गाणं म्हणायचे. वाढदिवस नेहमी निंगनिंगचा, शूछिनच्याच मुलीचा. घर तिचं, तेव्हा तेच खरं वाटलं असतं. प्रत्येक शनिवारी तालीम व्हायची. निंगनिंग कागदी मुकुट घालून चटकन फुंकर मारायची आणि पुन्हा वही ओढायची.

आज मात्र शूछिनचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं पाहिलं होतं. खाली फाटकापाशी निंगनिंग उभी होती आणि फांग आजी तिच्यापुढे वाकून काहीतरी विचारत होत्या. दंडाला वस्तीच्या पहारेकऱ्यांची लाल पट्टी बांधून फांग आजी दिवसभर फाटकात बसत. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना ठाऊक. परवाच त्या म्हणाल्या होत्या, "शूछिन, शनिवारी तुझ्याकडे पाहुणे फार गं!"

"काय विचारत होत्या?" निंगनिंग वर येताच तिनं विचारलं.

"काही नाही."

"तू काय सांगितलंस? डोळे का लाल?"

"वारा होता." मग म्हणाली, "आई, लांबवाल्या नूडल्स करशील?"

"शनिवारी कुठला वेळ? पेज खा आणि खुर्च्या लाव."

निंगनिंगनं राळ्याची पेज खाल्ली. जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर जुन्या चांद्र तिथीचं, रोज एक पान फाडायचं कॅलेंडर लटकत होतं. थंडीत सासूबाई गेल्या, तेव्हापासून त्याचं पान कुणी फाडलं नव्हतं. ते काम त्यांचंच असायचं.

"आता लुक फॉरवर्ड टू," शूछिन म्हणाली. "आतुरतेनं वाट बघणे. निंगनिंग, वाक्य कर."

"आय लुक फॉरवर्ड टू टुडे."

"टुडे कसं? आज तर आलाच. जे यायचंय त्याची वाट बघतात."

"टुडेच," निंगनिंग म्हणाली.

"हट्ट नको. टुमॉरो म्हण."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, जड पावलं. ती शूछिनच्या मजल्यावर थांबली.

थाप पडली.

वह्या सोफ्याखाली गेल्या. फळ्यावर चादर पडली. शूछिनच्या हातातली पहिली काडी मोडली. दुसरी पेटली. दाखुननं निंगनिंगच्या डोक्यावर मुकुट बसवला आणि गाणं सुरू केलं, जरा वरच्याच सुरात. शूछिननं दार उघडलं.

फांग आजी. दंडाला लाल पट्टी. हातात झाकण घातलेला मोठा वाडगा, जणू चुलीवरून उठून तशाच वर आलेल्या.

"या ना आजी," शूछिन म्हणाली. "निंगनिंगचा वाढदिवस आहे. तिचे मित्र आलेत."

फांग आजी आत आल्या. मुलांकडे पाहिलं, फळ्यावरच्या चादरीकडे पाहिलं. सोफ्याखालून एका वहीचा कोपरा बाहेर डोकावत होता, तोही त्यांनी पाहिला असं शूछिनला वाटलं. मग त्यांची नजर केकवर आली आणि तिथंच खिळली.

"फुंकर मार, निंगनिंग," शूछिन घाईनं म्हणाली.

आज निंगनिंगनं चटकन फुंकर मारली नाही. हात जोडून तिनं डोळे घट्ट मिटले. मेण वितळून रंगाच्या क्रीमवर ओघळू लागलं. शूछिनला वाटलं, आता थर्माकोल जळणार, वास सुटणार. मग कुठं निंगनिंगनं फुंकर मारली.

"मला कळलंय, शूछिन," फांग आजी म्हणाल्या.

शूछिननं टेबलाची कड धरली. तिला नवऱ्याचा चेहरा दिसला.

"सकाळी ही माझ्याकडे येऊन रडत होती. फाटकातल्या कॅलेंडरचं पान दाखवत म्हणाली, आमची आजी गेली, आता जुन्या तिथीचा वाढदिवस आईला कोण सांगणार?" त्यांनी वाडगा टेबलावर ठेवून झाकण उचललं. आत वाढदिवसाला दीर्घायुष्यासाठी करतात ती न तुटलेली लांबलचक नूडल गोल गोल बसली होती, वर दोन अंडी. "म्हटलं, आपणच करून द्यावं. आणि इथं येऊन बघते तर काय! वेडी पोर. आईला सगळं लक्षात होतं की. घे सुरी, काप केक."

निंगनिंगनं सुरी उचलली. आईकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली आणि चॉपस्टिक घेतल्या.

"केक नंतर, आजी," ती म्हणाली. "आईनं सांगितलंय, आधी नूडल्स."