पाव आटा

ताईचं पत्र येऊन सात महिने झाले होते. दोनच ओळी होत्या. ‘छोट्या, ह्यांची गाडी अजून चालते का? चालत असेल तर एकदा मला न्यायला ये, नदीपर्यंत जाऊन येऊ.’ उत्तर गेलं नव्हतं. चालते म्हणावं, तर गाडीला धूर तपासणीचा दाखला नव्हता. चालत नाही म्हणावं, तर ताईने पुन्हा काही विचारलं नसतं.

उत्तर आत्ताही तिच्या धाकट्या भावाच्या खिशात होतं. तिकिटं लावलेल्या पाकिटात, चार पानांचं. छापखान्यात त्याने चाळीस वर्षं लोकांच्या मजकुरावर लाल पेन चालवलं होतं. स्वतःचं पत्र मात्र पाचदा लिहिलं आणि दर वेळी ते वाढतच गेलं.

“दोनदा नापास झालात,” तपासणी केंद्रातली बाई म्हणाली. “आज नाही जमलं तर नोंदणी रद्द. मग थेट भंगारात. एक वाजेपर्यंत वेळ आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि उगाचच “माफ करा” जोडलं.

भाऊजी गेल्यावर त्याच्याकडे आलेली ही गाडी बेचाळीस वर्षांची. तिच्या बॉनेटखाली मेकॅनिक वाकला होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. तो डोळे मिटून कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायचा आणि आवाज मनासारखा लागला की हात झटकायचा. आताही झटकले.

“ऐका साहेब. भोवऱ्यासारखी गुंगलीय.”

खरंच गुंगली होती. बाईने सायलेन्सरमध्ये नळी घातली. पडद्यावर आकडा आला, सहा पूर्णांक एक. हवा होता साडेचारच्या आत.

कानसेनने प्लग बदलले, फिल्टर झटकला, पुन्हा डोळे मिटले. आवाज आणखी गोड झाला. आकडा सहा पूर्णांक चार.

“वाढला!” कानसेन ओरडला. “बाई, तुमचं मशीन बहिरं आहे.”

“मशीनला कान नसतातच, काका. नाक असतं.”

मागे उभ्या असलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. घड्याळात बारा वीस. ताईच्या भावाने चष्मा पुसला, तोही नेमका तेलकट फडक्याने. आता आकडा, गाडी, बाई, सगळंच धुरकट दिसू लागलं. आपण मुळात ही गाडी सांभाळायला घेतलीच का, असं त्याच्या मनात आलं. ज्याचं काम त्याने करावं. तो चिडून गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, तर डोळे चुरचुरले. कच्च्या पेट्रोलचा वास येत होता.

तो पुढे आला.

“मला यातलं काही कळत नाही,” तो म्हणाला. “पण आपण तिला जास्त देत असू का?”

“काय जास्त?”

“पेट्रोल. छापखान्यात असंच व्हायचं. कानाला गोड लागतं म्हणून लोक शब्द घालत जायचे.”

“साहेब, हे इंजिन आहे, निबंध नाही.”

“तो स्क्रू पाव आटा कमी करून बघा. माझ्यासाठी.”

कानसेनने बॉनेटला ऐकवत काहीतरी पुटपुटून स्क्रू पाव आटा आत घेतला. गुंजन तुटलं. आकडा पाच पूर्णांक सहा.

“अजून पाव.”

गाडी खोकू लागली. आरसा थरथरला. चार पूर्णांक नऊ. कानसेनचा चेहरा काढा प्यायल्यासारखा झाला.

“हा आवाज माझा नाही. रस्त्यात कुणी विचारलं तर माझं नाव सांगू नका.”

“नाही सांगत. अजून पाव.”

“बंद पडेल!”

“पडू दे.” या वेळी तो माफ करा म्हणायला विसरला.

स्क्रू फिरला. गाडी एकदा कण्हली, बंद पडता पडता सावरली आणि लंगडत चालू राहिली. बाईने आकडा दोनदा वाचला. चार पूर्णांक चार. तिने दाखल्यावर शिक्का मारला.

“पास. पण आवाज फार वाईट येतोय हो, काका.”

“येऊ दे. चालते.”

केंद्राच्या फाटकाबाहेर टपालपेटी होती. त्याने गाडी तिथवर आणली, पण बंद केली नाही. परत सुरू होईल याची खात्री कोण देणार? कानसेन शेजारच्या सीटवरून पाय लांब करून पेडल दाबून बसला, तोंड वाकडं करून.

त्याने पाकिटातली चार पानं काढली. चौथ्याची मागची बाजू कोरी होती. कागद बॉनेटवर ठेवून त्याने लिहिलं. बॉनेट हलत होतं, म्हणून अक्षरही हललं. ‘ताई, चालते. आवाज वाईट आहे. रविवारी येतो.’ मग चौथ्या पानाच्या पुढच्या बाजूवर, जुन्या सवयीने, वरपासून खालपर्यंत एक काट मारली. ते एकच पान पाकिटात घालून चिकटवलं, बाकीची तीन पानं तेलकट फडक्यात गुंडाळली.

“आटपा साहेब, कान किटले माझे!”

त्याने पाकीट पेटीत टाकलं. आत, अगदी तळाशी, टप्प असा आवाज झाला.

कानसेनने खोकणाऱ्या गाडीतून मान वर केली. “हा बरोबर लागला,” तो म्हणाला.