अनामत परत मिळणार नाही

"माणूस काय तुमचे तीस दिवस मोजून मरतो का गं?" व्हर्ना स्टोक्केने विचारलं आणि पर्स टेबलावर आपटली.

टेबलामागे इडालिया बसली होती. टेक्सासच्या पार दक्षिण टोकाच्या या गाडीतळाचं ऑफिस तीच सांभाळायची. थंडी सुरू झाली की उत्तरेकडची म्हातारी माणसं आपापल्या घरगाड्या घेऊन इथे उतरायची. हिवाळा काढायची, आणि निघताना पुढच्या वर्षाची अनामत भरून जायची, म्हणजे जागा हातची जात नाही. व्हर्ना आणि तिचा नवरा ऑरिन दरवर्षी नॉर्थ डकोटाहून यायचे. यंदाही ऑरिनने निघताना अनामत भरली होती. थंडीच्या तोंडावर तो गेला.

"व्हर्नाबाई, ऑरिनकाकांचं ऐकून फार वाईट वाटलं," इडालिया म्हणाली. "पण यायच्या तारखेआधी महिन्याच्या आत रद्द केलं की सगळी रक्कम जप्त होते. नियम मालकाचा आहे, माझा नाही."

"मग मालकाला बोलाव."

"ते ह्यूस्टनला असतात."

"असणारच. असले नियम करणारा इथे तोंड कशाला दाखवेल?"

"तुमच्यासाठी जागा धरून ठेवली होती, बाई. दुसऱ्यांना नाही म्हणावं लागलं."

"आणि आता त्यांना हो म्हणशील. त्यांच्याकडूनही घेशील. एका जागेचे दोनदा पैसे खायचे आणि वर मला सांगायचं, वाईट वाटलं."

आयोवाचं एक जोडपं दुपारी ती जागा बघायला येणारच होतं. जागेच्या कडेला ऑरिनने लावलेलं पपनसाचं झाड होतं. यंदा ते फळांनी वाकलं होतं.

"झाडाचं भाडं वेगळं लावलंस का त्यांना?" व्हर्नाने विचारलं. "लाव. मालक खूश होईल."

बाहेर कुणीतरी भोंगा दाबून धरला. मग टोपीवाला एक माणूस दारातून डोकावला. "गेटात ती घरगाडी कोणी घुसवलीय? आम्हाला आत येता येईना."

"माझी आहे. थांब जरा."

"चावी द्या आजी, मी घेतो बाजूला."

"हात लावून बघ."

टोपीवाल्याने इडालियाकडे पाहिलं, इडालियाने छताकडे. तो निमूट बाहेर गेला.

पैशांपायी व्हर्ना आली नव्हती. तेवढ्या डॉलरांवाचून तिची चूल काही विझणार नव्हती. तिला खुपला होता तो 'रद्द' हा शब्द. जसं काही ऑरिनचा बेत बदलला होता. मातीला आलेली माणसं तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी सावकाश बोलत होती. मुलगा, ड्वाइट, तर फारच गोड बोलत होता. आई, आता हे तुला झेपायचं नाही, म्हणाला. त्यानेच इथे फोन करून जागा रद्द केली, घरगाडीला गिऱ्हाईक शोधलं आणि जाताना बापाची पिकअप स्वतःच्या दारात नेऊन लावली. व्हर्ना प्रत्येक गोष्टीला मान हलवत गेली. रागवायलासुद्धा अंगात जीव लागतो, तो नव्हता.

मग गाडीतळाचं पत्र आलं, अनामत परत मिळणार नाही. ते वाचून तिचं डोकं भणाणलं. आणि कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

"तुमच्या मुलाचा फोन मीच घेतला होता," इडालिया म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, बाईंना एकट्यांना येऊ द्या, आम्ही सगळे आहोत इथे. ते म्हणाले, येणार कशी? बाबा गेले, घरगाडी चालवणारं आता कोणी उरलं नाही."

"मग खोटं काय बोलला तो? पिकअप मी जन्मभर चालवली. पण ही गाडी म्हणजे बसएवढं धूड. ऑरिनने मला हिच्या स्टिअरिंगपाशी बसू दिलं नाही कधी."

इडालिया खुर्चीतून उठली. खिडकीशी जाऊन तिने गेटाकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे.

"ड्वाइट आलेत का बरोबर?"

"तो कशाला येतोय? मी कुठे आहे हेही त्याला ठाऊक नाही."

"मग ती गेटातली गाडी इथवर कोणी आणली?"

व्हर्नाने फटकारायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर खिडकीतून गाडीवर गेली. डकोटापासून टेक्सासपर्यंतचा वारा तिने अंगावर घेतला होता. मोठमोठे ट्रक घासून गेले होते. पेट्रोलपंपांच्या आवारात गाडी लावून ती झोपली होती. आणि सगळ्या वाटभर ती मनातल्या मनात या पोरीशी भांडत होती, एकेका वाक्याला धार लावत होती. भांडायच्या नादात आपण गाडी चालवतोय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"रद्द केलेलं पुन्हा चालू करायला मात्र काही पैसे पडत नाहीत," इडालिया हळूच म्हणाली. "तो नियम करायला मालक विसरले. आयोवावाल्यांना मी दुसरीकडे बसवते."

व्हर्नाने पर्समधून चावी काढली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून खेकसली.

"बसून काय राहिलीस? चल बाहेर. मला ती नुसती पुढे नेता येते. मागे घेताना कोणाला तरी पाठीमागे उभं राहून हाताने खूण करावी लागते, आणि ते काम आजवर माझं होतं."