एक वजा

“मापावर राज्य चालतं,” निरीक्षक म्हणाले आणि टेपचं टोक त्यांनी ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं. राज्याला मात्र गेली अकरा वर्षं एक मीटर कमी पडत होता. टेपचा पहिला मीटर एका ट्रेलरनंच चाकाखाली तोडून नेला होता. नव्या टेपसाठी अर्ज गेले, स्मरणपत्रं गेली, दोन वरिष्ठ निवृत्त होऊन गेले. तेव्हापासून नाक्यावर रिवाज एकच: टेप दाखवेल त्यातून एक वजा.

गाडीच्या लांबीची मर्यादा अठरा मीटरची. त्याहून लांब गाडी घाटातल्या वरच्या वळणावर बसत नाही. मागची चाकं कठड्यावर चढतात, आणि कठड्यापलीकडे सरळ दरी आहे.

“साहेब, नीट मोजा,” ड्रायव्हर मागच्या टोकाकडून म्हणाला. “मालकानं मागे वाढवून घेतलीय. जास्त भरली तर अडवा. माझं तो ऐकत नाही, तुमचा कागद दाखवला तर ऐकेल.”

बावीस वर्षांत निरीक्षकांनी ‘सोडा’ म्हणणारे हजारो पाहिले होते. ‘अडवा’ म्हणणारा हा पहिलाच. कामचुकार दिसतो, त्यांनी मनाशी ठरवलं आणि टेप ताणली. आज कुणीतरी ती पुसूनबिसून लख्ख केली होती. आकडे कसे टपोरे दिसत होते. साडेअठरा.

“साडेसतरा. जा.”

ड्रायव्हर पुढे आला आणि वाकून बघू लागला. “साहेब, इथं तर साडेअठरा दिसतंय.”

“दिसू दे. त्यातून एक वजा करायचा असतो. गाडी चालवतोस ना? मग मोजायचं आमच्यावर सोड.”

ड्रायव्हरनं शिक्क्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. केबिनमध्ये चढण्याआधी त्यानं गाडीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बघून घेतलं. मग गाडी चढाला लागली.

वळणात शिरताना एक हॉर्न आणि पार झाल्यावर दुसरा, असा तिथला शिरस्ता. खाली नाक्यावर दोन्ही ऐकू यायचे. निरीक्षकांचा चहा अर्ध्यावर आला तेव्हा पहिला वाजला. चहा संपला. त्यांनी कप खाली ठेवला. दुसरा अजून वाजायचा होता.

कारकूनबाई कागद घेऊन आत आल्या.

“साहेब, एकदाची नवी टेप आली. सकाळीच जुनी काढून नवी तुमच्या खुंटीला लावून ठेवलीय. मिळाल्याची पोच पाठवायचीय, इथं तेवढी एक सही करा.”